बस्ता सुरतेत बांधावा, जळगावात की मॉलमध्ये? काय कुठून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा: घर अमळनेर तालुक्यातलं, वैशाखात मुलीचं लग्न. मानपानाच्या सत्तरेक साड्या, नवरीच्या पाच-सहा भारी साड्या, नवरदेवाचा पोशाख आणि घरच्यांचे कपडे एवढी खरेदी आहे. थोरले भाऊ म्हणतात सगळा बस्ता सुरतेत बांधू. मुलगा म्हणतो मोठ्या मॉलमध्ये एकाच ठिकाणी सगळं मिळेल. घरातल्या बायकांना जळगावचं फुले मार्केट सवयीचं आहे. कुठे जावं?

भाऊ, आधी गाव ठरवू नका, यादी फोडा. बस्त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या जागी चांगली मिळते. सगळा बस्ता एकाच बाजारात बांधायच्या हट्टापायी एक तर पैसे जास्त जातात, नाही तर नवरीच्या अंगावर पॉलिस्टरचा शालू येतो. मानपानाच्या साड्या सुरत, नवरीची पैठणी येवला, नऊवारी, दागिने आणि ज्यांची मापं बसवून घ्यावी लागतात असे कपडे जळगाव किंवा धुळे, आणि पुरुषांचे तयार शर्ट-बूट मॉल, अशी वाटणी मी सुचवेन.

सुरत परवडते का, हे साड्यांच्या आकड्यावर ठरतं. चार माणसांचं रेल्वेचं भाडं, रिक्षा, दोन वेळचं जेवण आणि लागला तर एक मुक्काम यांची बेरीज करा आणि तिला साड्यांच्या संख्येने भागा. समजा खर्च ४,००० रुपये आला आणि साड्या ७० आहेत, तर एका साडीवर ५७ रुपये चढले. गावातल्या दुकानापेक्षा साडीमागे शंभर रुपये वाचत असतील तर जाण्यात अर्थ आहे. वीस-पंचवीस साड्यांसाठी मात्र सुरतेला जाऊ नका. तेवढा माल अमळनेर-जळगावचे दुकानदार सुरतेहूनच आणतात आणि घासाघीस केली तर जवळपास त्याच भावात देतात. शिवाय साडी खराब निघाली तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळते. सुरतेहून आणलेली साडी बदलायला अडीचशे किलोमीटर कोण जाणार?

निघण्याआधी कागदावर तीन प्रती करा, म्हणजे साड्यांच्या तीन पायऱ्या. विहीण, आत्या, मामी, मावशी, करवल्या अशा अगदी जवळच्या दहा-बारा जणींची पहिली. चुलत-मावस नात्यातल्या पंचवीसेक जणींची दुसरी. भावकी आणि शेजारपाजार तिसरी. प्रत्येक प्रतीसमोर वरची किंमत लिहा आणि तो कागद घरच्या एकाच माणसाच्या हाती द्या. दुकानात चौघांनी चार भाव बोलले की विक्रेता सर्वांत वरचा भाव धरून बसतो. एकूण आकड्यावर दहा टक्के साड्या जास्त घ्या, कारण ऐन हळदीच्या दिवशी कुणाचं तरी नाव राहिल्याचं आठवतंच. नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी वेगळी काढा, कारण त्यांची खरेदी सुरतेत करायचीच नाही.

प्रतीमधला फरक साडीच्या जातीत ठेवा. पहिल्या प्रतीला काठपदराची भरलेली साडी, दुसरीला जॉर्जेट किंवा क्रेप, तिसरीला प्रिंटची साडी. एकाच जातीतली एक भारी आणि एक हलकी अशी घेतली की मांडवात दोन जावा शेजारी बसल्यावर फरक लगेच दिसतो आणि रुसवा पुढची दहा वर्षं चालतो. उलट एका प्रतीतल्या सगळ्यांना एकच डिझाइन आणि रंग तेवढे वेगळे दिले तर कुणाला बोलायला जागा राहत नाही. सुरतेचा माल तसाच सेटमध्ये येतो, म्हणून मानपानासाठी तो सोयीचा.

आता सुरत. भुसावळ-सुरत मार्गावर अमळनेरहून थेट गाड्या आहेत, दोंडाईचा-नंदुरबारमार्गे साधारण पाच तास धरा. तिकीट काढताना गाडी सुरत स्टेशनला जाते की त्याआधीच्या उधना स्टेशनवरूनच वळते किंवा तिथेच थांबते, हे पाहून घ्या. सुरत स्टेशनवरून सहारा दरवाजा आणि रिंग रोडची मार्केटं रिक्षाने अगदी जवळ आहेत, उधन्याहून थोडं लांब पडतं. पहाटे पोहोचून उपयोग नाही, गाळे साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतात. रविवारी घाऊक मार्केट बंद, म्हणून सोमवार किंवा मंगळवार धरा. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायणाची सुट्टी असते. दिवाळीनंतर लाभपंचमी होईपर्यंत बाजार उघडत नाही, आणि पुढेही काही दिवस माल अर्धवटच असतो. होळी-धुळवडीला राजस्थानकडचे व्यापारी आणि कामगार गावी जातात, तेव्हाही आठवडाभर बाजार मंदच. वैशाखातल्या लग्नासाठी होळीच्या आधीचा माघ महिना सर्वांत चांगला. गुढीपाडव्यापासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) गर्दी वाढत जाते, आणि गर्दीत कुणी सेट फोडून देत नाही की साडी उलगडून दाखवत नाही.

रिंग रोडवर एकेका इमारतीत शेकडो गाळे आहेत. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात आणि आत एका मजल्यावर दोन्ही बाजूंना साड्याच साड्या. मिलेनियम, राधाकृष्ण, सुरत टेक्स्टाइल मार्केट ही मोठी घाऊक मार्केटं. इथे व्यवहार दुकानदारांशी होतो, एक नग मागितला तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो किंवा भाव चढवून सांगतात. घरच्या लग्नासाठी सिंगल पीसही हवे असतील तर उमरवाड्याच्या बॉम्बे मार्केटपासून सुरुवात करा. तिथे किरकोळ गिऱ्हाइकाची सवय आहे, साड्या आणि ड्रेस मटेरियल दोन्ही मिळतं. माझ्या मते तुमच्या यादीतली पहिली प्रत बॉम्बे मार्केटमध्ये निवडून घ्यावी आणि दुसरी-तिसरी प्रत घाऊक गाळ्यातून सेटने उचलावी.

प्रत्येक ठिकाणी मार्केटचं नाव, मजला आणि गाळ्याचा नंबर लिहून ठेवा, गाळ्यासमोर उभं राहून पाटीचा फोटो काढा. एकाच नावाची दोन-तीन दुकानं सहज असतात आणि दुपारनंतर ‘तो हिरव्या दरवाजाचा गाळा’ सापडत नाही. कुणाकडून जुनं कार्ड मिळालं असेल तर आधी फोन करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिवशक्ती मार्केटला मोठी आग लागली, शेकडो दुकानं जळाली. अशा वेळी जुना पत्ता कामाचा राहत नाही.

स्टेशनबाहेर ‘फॅक्टरी रेट’ म्हणत चिकटणाऱ्या एजंटबरोबर जाऊ नका. रिक्षावालाही एखाद्या ठरावीक दुकानाचा आग्रह धरतो. दोघांचं कमिशन तुमच्याच बिलात बसतं. लिंबायत, डिंडोली, उधना भागात खान्देशातली असंख्य कुटुंबं राहतात, बहुतेकांचा कुणी ना कुणी नातलग तिथे निघतोच. त्याला सोबत घ्या, वाट आणि भाषा दोन्ही सोपी होते. पण त्याच्या ओळखीच्या एकाच दुकानात सगळी खरेदी करू नका. तोच माल निदान तीन गाळ्यांत विचारा. पहिल्या दोन तासांत काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त भाव लिहायचे, हा नियम कडक पाळा.

सेट म्हणजे एका डिझाइनचे चार, सहा किंवा आठ रंग. तिसऱ्या प्रतीच्या पस्तीस साड्या हव्या असतील तर आठचे चार सेट म्हणजे बत्तीस आणि वर एक चारचा सेट. सेट घेताना त्यातले सगळे रंग उघडून पाहा. आठमध्ये एक-दोन रंग न खपणारे असतातच, आपल्याकडे काळी साडी मानपानात चालत नाही. त्या एका रंगाऐवजी दुसऱ्या सेटमधला रंग घालून द्या, असं भाव ठरायच्या आधी बोला. नंतर बोललात तर उत्तर ठरलेलं: सेट फुटणार नाही.

भाव ठरवताना तीन गोष्टी एकत्र विचारा. जीएसटी आत आहे की वर, साडीबरोबर ब्लाउजपीस आहे की नाही, आणि पॅकिंग पिशवीचं की बॉक्सचं. साडीवर कर ५ टक्के आहे. तीस हजारांच्या मालावर हाच आकडा १,५०० रुपये होतो, म्हणून ‘नेट रेट’ म्हणजे नक्की काय ते विचारल्याशिवाय मान हलवू नका. मानपानाला बॉक्स नको, साधी पारदर्शक पिशवी पुरते, बॉक्सचे पैसे साडीच्याच भावात धरलेले असतात. ‘माल फ्रेश आहे ना’ हा प्रश्न स्पष्ट विचारा. स्वस्तात मिळणारा लॉट बऱ्याचदा सेकंडचा असतो, म्हणजे विणीत किंवा छपाईत दोष असलेला. तो घेणं वाईट नाही, पण दोष कुठे आहे हे माहीत असताना घ्यावा. पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर बदलून मागताना तुमच्या हातात काहीच पुरावा उरत नाही.

तपासणी हाच यातला खरा कसबाचा भाग. सोबत शिवणकामाची टेप, पांढरा रुमाल आणि पाण्याची बाटली ठेवा.

लांबी आधी मोजा. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस ०.८० मीटर, मिळून ६.३० मीटर हवी. स्वस्त मालात साडीच सव्वापाच मीटरवर कापलेली असते, किंवा ६.३० म्हणून सांगतात आणि ब्लाउजचं कापड त्याच साडेपाच मीटरमधून निघतं. अंगाने भरलेल्या बाईला अशा साडीच्या निऱ्या पुरत नाहीत. सेटमधली मधली एक साडी उचलून मोजा, वरची मोजू नका. वरचा नग दाखवण्यासाठीच ठेवलेला असतो.

मग रंग. गडद मरून, बॉटल ग्रीन, नेव्ही ब्ल्यू आणि लाल या रंगांवर ओला रुमाल दहा-बारा वेळा घासा. रुमालाला किंचित छटा आली तर चालेल, ठसठशीत डाग आला तर ती साडी पहिल्या धुण्यात फिक्या काठावर रंग सोडणार. छापील साडी प्रकाशाकडे धरून रंग आणि रेघ जुळली आहे का बघा. टिकल्या-खड्यांचं काम असेल तर कापड दोन्ही हातांनी ताणून झटका. चिकटवलेले खडे असतील तर तिथेच गळायला लागतात, आणि उरलेले इस्त्रीच्या उष्णतेने सुटतात.

नावांवर विश्वास ठेवू नका. सुरत हा मुख्यतः कृत्रिम धाग्याचा बाजार आहे. ‘सॉफ्ट सिल्क’, ‘लिची सिल्क’, ‘आर्ट सिल्क’, ‘बनारसी’ अशा नावांनी जे काही कमी भावात मिळतं ते बहुतांश पॉलिस्टर असतं. मानपानाला ते उत्तम: चुरगळत नाही, रंग टिकतो, धुवायला सोपं. पण ते रेशीम म्हणून, रेशमाच्या भावात घेऊ नका. शंका असेल तर काठाच्या कडेचा एक सुटा धागा विक्रेत्याच्या परवानगीने काढून बाहेर जाऊन जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरली जाते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. आणखी एक: वैशाखात खान्देशातलं ऊन चाळिशीच्या पुढे असतं. मांडवात दिवसभर वावरणाऱ्या घरच्या बायकांना आणि लहान मुलांना पॉलिस्टर घालायला लावू नका, त्यांचे कपडे सुती घ्या, आणि सुती कापडासाठी सुरतेला जायची गरज नाही.

माल आणायचा कसा? साधी सिंथेटिक साडी चारशे-पाचशे ग्रॅमची असते, म्हणजे सत्तर साड्यांचं वजन अठ्ठावीस ते पस्तीस किलो भरतं. स्लीपर डब्यात माणशी ४० किलो आणि दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान मोफत नेता येतं, तेव्हा चौघांत सहज बसतं. एकच मोठं गाठोडं करू नका, चार पिशव्या करा आणि प्रत्येकीत बिलाची एक झेरॉक्स टाका. ट्रान्सपोर्टने पाठवायचं असेल तर बिल्टी (वाहतूकदाराची मालाची पावती) हातात घेतल्याशिवाय निघू नका. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली तर वाहतुकीला ई-वे बिल लागतं, ते दुकानदाराकडून करून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विक्रेत्याला कायद्याने मना आहे, तेवढी खरेदी असेल तर पैसे बँकेतून द्या.

नवरीच्या साड्यांचा विचार सुरतेत करूच नका. धुळ्याहून मालेगाव-मनमाडमार्गे येवला एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. खरी हातमागाची पैठणी उलटी करून पाहिली तर पदरावरचा मोर किंवा वेल मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, धागे लोंबत नाहीत. मागच्या बाजूला लांब धागे सुटलेले किंवा कापलेले दिसले तर ती यंत्रमागाची किंवा सेमी पैठणी. सेमी पैठणी घेण्यात कमीपणा नाही, पाच हजारांच्या आत ती छान दिसते, फक्त भाव तिचाच द्या. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ची खूण पाहा. काठ-पदरातली जर, म्हणजे चमकदार धागा, कसली आहे तेही विचारून बिलावर लिहून घ्या. खऱ्या जरीत चांदीचा अंश असतो, ‘टेस्टेड’ जर तांब्यावरची असते, आणि प्लॅस्टिकची जर हाताला गार लागत नाही आणि फार हलकी असते. पैठणीला ब्लाउज त्याच कापडाचा की वेगळा, हे तिथेच ठरवा, कारण बाहेर जुळता रंग मिळवायला आठवडा जातो.

जळगावात फुले मार्केटला जा ते मापाच्या आणि जुळवणीच्या वस्तूंसाठी: ब्लाउजपीस, परकर, फॉल, करवल्यांचे घागरे, मुलांचे कपडे, उपरणी, टॉवेल-टोप्या. म्हाताऱ्यांच्या नऊवारीही इथेच किंवा धुळ्यात घ्या, लांबी आठ मीटरच्या वर भरते का ते मोजूनच. सकाळी अकरा ते एक या वेळात दुकानदाराकडे वेळ असतो. संध्याकाळी भावही होत नाही आणि रंगही दिव्याखाली फसवे दिसतात. जुळणीच्या कापडाचा तुकडा दुकानाबाहेर उजेडात नेऊनच पाहा. सराफाकडे फार बोलायचं कारण नाही: दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) हवा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथेच तपासा, बिलात निव्वळ वजन, खड्यांचं वजन आणि घडणावळ वेगळी लिहिलेली हवी.

राहिला मॉल. मुलाचं म्हणणं एका गोष्टीत बरोबर आहे: शर्ट, जीन्स, बूट, मुलांचे ब्लेझर यांत मॉलला तोड नाही. घालून बघता येतं, माप चुकलं तर ठरलेल्या मुदतीत बदलून मिळतं, पँटची उंची बऱ्याच दुकानांत तिथेच करून देतात. खान्देशातून नाशिकचं सिटी सेंटर, छत्रपती संभाजीनगरचं प्रोझोन किंवा सुरतेत डुमस रोडवरचा व्हीआर मॉल जवळ पडतात. सुरतेला गेलात तरी रिंग रोड आणि डुमस रोड एकाच दिवशी करू नका. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत, संध्याकाळच्या रहदारीत तास मोडतो आणि हातात पिशव्या घेऊन मॉलमध्ये फिरणं होत नाही.

मॉलमधले मोठे सेल साधारण जानेवारीत आणि जुलैत येतात, मोसमाचा उरलेला माल काढायला. तुमचं लग्न वैशाखात, तेव्हा जानेवारीचा सेल साधा. ‘दोनवर दोन मोफत’ दिसलं की चारही नगांची किंमत मिळून एका नगाला किती पडते ते काढा, आणि दोनच नग हवे असतील तर ती सवलत तुमच्यासाठी नाही. मोफत मिळणारा नग सर्वांत कमी किमतीचा धरतात, म्हणून एकसारख्या किमतीचे नग एकत्र करा. छापील किमतीत कर आत असतो, काउंटरवर वेगळा कर लावला तर विचारा.

नवरदेवाच्या पोशाखाला मात्र मी मॉल सुचवणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के जीएसटी आहे. आठ हजारांची तयार शेरवानी किंवा सूट घेतला तर त्यात बाराशेच्या वर नुसता कर. कापडावर मात्र ५ टक्केच. सुटाचं कापड जळगावात किंवा धुळ्यात घ्या आणि चांगल्या शिंप्याकडे टाका. दोन भागी सुटाला दुहेरी पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वातीन मीटर कापड लागतं, उंच माणसाला साडेतीन. शिंप्याला निदान महिनाभर आधी द्या आणि मधे एक ट्रायल ठरवून घ्या. चैत्र उजाडला की चांगला शिंपी नवं काम घेत नाही. शेरवानी एकदाच घालायची असेल तर भाड्याने घ्या, ती जळगाव-धुळ्यात सहज मिळते. ठरवताना अनामत किती, डाग पडला तर किती कापणार आणि परत कधी द्यायची, हे पावतीवर लिहून घ्या.

क्रम असा ठेवा: जानेवारीत मॉलची खरेदी, मग येवला, कारण नवरीच्या पैठणीच्या रंगावर नवरदेवाचा फेटा-उपरणं आणि करवल्यांचे घागरे ठरतात. त्यानंतर होळीच्या आधी सुरत, आणि शेवटी जळगाव. पैठणीचा एक उजेडातला फोटो आणि ब्लाउजच्या कापडाची बोटभर चिंधी पुढच्या प्रत्येक बाजारात सोबत न्या. फोनमध्ये रंग बदलतो, चिंधीत बदलत नाही. सुरतेहून आल्यावर त्याच आठवड्यात सगळ्या साड्या पुन्हा उलगडून पाहा, दोष निघाला तर बिलाचा आणि दोषाचा फोटो काढून गाळ्याच्या नंबरवर लगेच पाठवा. महिनाभराने सांगितलेलं कुणी ऐकून घेत नाही.